पप्पाचं लंडन

तारा, तुझ्या वाढदिवसाचा फोटो पाहिला. फाटकी जीन्स, मांडीवर ओळीने लावलेल्या सेफ्टी पिना, आणि खाली तू लिहिलंस, 'आजी, धिस इज पंक. यू वोन्ट गेट इट.' मी फोटो मोठा करून पाहिला. पिना नव्या कोऱ्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, आणि एकीनेही काही जोडलेलं नव्हतं. माझ्या लगेच लक्षात आलं ते माझ्या जुन्या ऑफिसातल्या बस्त्याव यांच्यामुळे. ते म्हणायचे, "मॅडम, पिन शोभेला नव्हती. शर्ट फाटायचा आणि दुसरा नसायचा."

म्हणून हे लिहिते आहे. तुला आणि तुझ्या भावाला, ईशानला, मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. आईकडून वाचून घ्या. तिने बस्त्याव यांना पाहिलेलं आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही अबुधाबीला होतो. आजोबा बँकेत, आणि मी एका कन्सल्टिंग इंजिनियर्सच्या ऑफिसात डॉक्युमेंट सेक्शन सांभाळायची. इमारतींचे नकाशे यायचे. त्यांना नंबर द्यायचा, नोंद करायची आणि प्रती काढून साइटवर पाठवायच्या. प्रती काढायचं काम बस्त्याव यांचं. ते वसईचे. आडनाव होतं, पण ते पासपोर्टवरच राहिलं. मी ऑफिसात आले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. ठेंगणा बांधा, तेल लावून चापून बसवलेले केस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. दर शुक्रवारी चर्चला जायचे, कारण तिथे सुट्टी शुक्रवारची आणि मिसाही शुक्रवारी. या माणसाचा पंकशी काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांची प्रिंट रूम म्हणजे बिनखिडकीची खोली. नकाशे छापायच्या मशीनमधून अमोनियाचा वास यायचा, नवीन माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढणारा. माझं टेबल खोलीबाहेर, मध्ये प्लायवूडची भिंत. मशीनचा खटका दाबण्याआधी ते दर वेळी मोजायचे, "वन, टू, थ्री, फोर!" तेही भरभर, कुणी मागे लागल्यासारखे. मला वाटायचं, मशीनचा काही नियम असेल.

लांबण लावलेली कुठलीच गोष्ट त्यांना सोसायची नाही. लांब मीटिंग, लांब प्रवचन, लांब फोन. "दोन मिनिटांत होत नाही तर खलास. त्याला सांगायचंच काही नाही," म्हणायचे. ऑफिसची वार्षिक पार्टी समुद्रावर झाली. भाड्याने आणलेल्या बँडचा गिटारवाला डोळे मिटून एकटाच वाजवत सुटला. पाच मिनिटं झाली, आठ झाली. लोक कौतुकाने माना डोलावत होते. बस्त्याव हातात बिर्याणीची प्लेट घेऊन माझ्या शेजारी उभे होते. "मॅडम, बघून घ्या," ते म्हणाले. "ह्याच्याचमुळे झालं सगळं."

"काय झालं?"

"पंक."

मला तो शब्द त्या दिवशी प्रथम कळला. तोवर तो फक्त डिक्शनरीत पाहिला होता.

नकाशांच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. मूळ ट्रेसिंग, ज्याला आम्ही ओरिजिनल म्हणायचो, ते खोलीबाहेर जाणार नाही. बाहेर जाईल ती प्रत. एकदा मुदीर, म्हणजे आमचे इजिप्शियन मॅनेजर, स्वतः दारात येऊन उभे राहिले. मीटिंगला ओरिजिनलच हवं म्हणाले.

"सर, कॉपी देतो."

"बस्त्याव, मी इथला मुदीर आहे."

"म्हणून चांगली कॉपी देतो, सर."

मुदीर हसले आणि प्रत घेऊन गेले. ओरिजिनल बाहेर गेलं की चहा सांडतो, कोपरा फाटतो, कुणीतरी पेन्सिलने खाडाखोड करतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या शिस्तीला ते पटायचं.

त्या काळी ऑफिसं दोन पाळ्यांत चालायची. सकाळी आठ ते एक, मग चार ते सात. मधल्या वेळात लोक घरी जाऊन जेवत, झोपत. गाडी आजोबांकडे असायची, म्हणून मी डबा खाऊन टेबलाशी वाचत बसायची. एका दुपारी बस्त्याव समोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, दुपारी प्रिंट रूम मिळेल? अर्धा तास. मशीन लावणार नाही."

"मग कशाला?"

"बोलायला."

"कोणाशी?"

"एकटाच." मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कॅसेट काढून दाखवली.

तुम्हाला हे सांगायला हवं. तेव्हा गल्फमधली माणसं पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं, आणि सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ती कॅसेट द्यायची. घरचे सगळे बसून ऐकायचे. ऐकून झालं की त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचे, आणि ती परत यायची. एकच कॅसेट वर्षानुवर्षं समुद्रावरून ये-जा करायची. आधीचं पुसलं जायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. बोललेलं पोहोचलं की झालं.

बस्त्याव यांची अडचण अशी, की राहायचं ते बेडस्पेसमध्ये. एका व्हिलाच्या हॉलमध्ये आठ जण, दोन मजली बंक. "तिथे बायकोला 'कशी आहेस' विचारलं की खालच्या बंकवरचा उत्तर देतो, 'मस्त!'" ते म्हणाले. सांगताना हसले, पण अबुधाबीत त्या माणसाला एकट्याने बोलायला एक जागा नव्हती. मी किल्ली दिली.

प्लायवूडमधून सगळं ऐकू यायचं. मी पुस्तक उघडून बसायची, पण पान उलटलं जायचं नाही. आधी बायकोला, फिलोमिनाला, चार वाक्यं. सासूच्या गुडघ्यांची चौकशी. विहिरीच्या पंपाचं काय झालं. मग जरा थांबून, आवाज बदलून, "जसिंता, आता तुझ्यासाठी."

जसिंता त्यांची एकुलती एक मुलगी. ती दीड वर्षाची असताना ते गल्फला आले. दोन वर्षांतून एकदा दीड महिना घरी. आता ती तेराची झाली होती. "तिला मी म्हणजे चॉकलेट आणि टूथपेस्ट," ते मला म्हणाले होते. "आणि मार्क किती पडले विचारणारा माणूस. मी कोण ते तिला ठाऊकच नाही, मॅडम. पुढल्या पाच-सहा वर्षांत लग्न होईल, मग कधी सांगू?"

म्हणून ते तिला आपली गोष्ट सांगत होते. आणि त्यांची गोष्ट म्हणजे पंकची गोष्ट.

मी ती अशी ऐकली, तुकड्या-तुकड्यांत, दोन वर्षं. "जसिंता, त्या वेळेला मोठे मोठे बँड होते. ट्रकभर सामान. एक गाणं वीस मिनिटं. ऐकणारा लांब, गाणारा लांब, जसा आपला बिशप. तर न्यूयॉर्कमध्ये एक बार होता, बोळासारखा अरुंद. रस्त्यावर दारुडे पडलेले. ज्यांना कुठेच वाजवू देत नव्हते ती पोरं तिथे वाजवायची. त्यांना तीनच कॉर्ड यायच्या. गिटारवर तीन ठिकाणी बोटं ठेवता आली की बास. वन टू थ्री फोर म्हणायचं आणि सुटायचं. दोन मिनिटांत गाणं खलास. लोक म्हणाले, ह्यांना वाजवता येत नाही. ती म्हणाली, नाही येत. पण वाजवणार."

मग ते वारं लंडनला कसं आलं ते. मधल्या कॅसेटी त्यावर होत्या. बस्त्याव तेव्हा बावीस वर्षांचे, मालवाहू जहाजावर भांडी घासायला होते. जहाजाच्या मालकाचं दिवाळं निघालं, आणि जहाज लंडनच्या गोदीत अडकून पडलं. खलाशांना ना पुढे जाता येई, ना मागे. कित्येक महिने. त्या साली तिथे पाऊस नव्हता, कडक ऊन होतं आणि तरुण पोरांना कामधंदा नव्हता. बस्त्याव एका तळघरातल्या क्लबात ग्लास धुवायला लागले. वर शटर, खाली अंधार, भिंतींना घाम. तिथे ही पोरं यायची. "एका बँडने टीव्हीवर शिव्या दिल्या, भर चहाच्या वेळेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत. मग त्यांना हॉल कोणी देईना. मग आमच्यासारख्याच जागा उरल्या." पंकच्या रेकॉर्ड अजून फारशा निघाल्याच नव्हत्या, म्हणून मधल्या वेळात एक काळा मुलगा आपल्या आईबापांच्या बेटावरची, जमैकाची गाणी लावायचा. "त्याच्यामुळे मला भीती गेली," ते सांगत. "मीच एकटा वेगळा नव्हतो." पोरं स्वतःचं मासिक काढायची, टाइपरायटर, कात्री आणि फोटोकॉपीच्या मशीनवर. मोठ्या माणसांची परवानगी कशालाच नाही.

ही मासिकाची विद्या त्यांनी अबुधाबीतही एकदा वापरली. साइटवरच्या मजुरांच्या मेसमध्ये कच्चा भात मिळत होता. एका सकाळी मेसच्या दारावर एक कागद लागला. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून, वेडीवाकडी चिकटवून केलेल्या पानाची फोटोकॉपी. मधोमध भाताच्या शितांचं चित्र, खाली हिंदीत एकच ओळ, 'साहब, पहले आप खाइए.' मुदीरनी मला बोलावून विचारलं, ही कॉपी कुठल्या मशीनवरची? मी कागद उजेडात धरला. कोपऱ्यात आमच्या फोटोकॉपी मशीनची नेहमीची रेघ होती. मी म्हटलं, सांगता येत नाही. आयुष्यात ऑफिसात मी बोललेलं ते एकमेव खोटं. भात सुधारला. बस्त्याव यांनी आभार मानले नाहीत, मीही विषय काढला नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या तळघरात एका संध्याकाळी एका बँडचा गाणारा आलाच नाही. बाकीची पोरं सुरू करून बसलेली. कुणीतरी ग्लास धुणाऱ्याला स्टेजवर ढकललं. बस्त्याव यांना इंग्रजी गाणं एकही येत नव्हतं. चर्चमधली गाणी होती, पण ती तिथे म्हणायला जीभ वळेना. मग त्यांना आठवली आई. केळीच्या वाडीत गुरं घुसली की बांधावर उभी राहून ती जी ओरडायची, ते सगळं त्यांनी सुरू केलं. हाकलणं, शिव्या, गुरांच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. पोरं वेडी झाली. कुणालाही एक अक्षर कळलं नाही. "पण मॅडम, कळलं," ते म्हणायचे. कुणीतरी ते छोट्या टेपरेकॉर्डरवर घेतलं आणि कॅसेट त्यांना दिली. आठवडाभरात खलाशांना विमानाने घरी पाठवलं. पुन्हा ते कधीच कुठे गायले नाहीत.

ती कॅसेट त्यांनी मला एकदाच दाखवली, ऐकवली नाही. रुमालात गुंडाळलेली. मागच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडलेल्या. टिकल्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही.

जसिंता पंधरा वर्षांची होणार होती. बस्त्याव यांनी ठरवलं, तिला ती कॅसेट पाठवायची.

"कॉपी करून पाठवा," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना?"

"मॅडम, मुदीरना कॉपी दिली. साइटला कॉपी दिली. पोरीला पण कॉपीच देऊ?"

सोबत त्यांनी दुसरी, बोललेली कॅसेट दिली. ती भरताना मी भिंतीपलीकडून ऐकत होते. आधी फिलोमिना, सासू, पंप. मग, "जसिंता, आता तुझ्यासाठी. सोबतची काळी कॅसेट जपून ठेव. तिच्यात जो ओरडतो आहे तो तुझा बाप."

वसईला जाणाऱ्या एका माणसाने दोन्ही नेल्या. दीड महिन्याने दुसऱ्या कुणीतरी येताना पुडकं आणलं. सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, आणि एक कॅसेट. काळी.

दुपार होती. बस्त्याव यांनी पुडकं माझ्या टेबलावरच सोडलं. कॅसेट हातात घेतली, उलटी केली आणि तसेच उभे राहिले. मोडलेल्या टिकल्यांच्या भोकांवर सेलोटेप लावलेली होती. छान, कडा कापून. टिकल्या मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा भरायचं असेल तर घरोघर असंच करायचे.

ते आत गेले. दार लावायचं विसरले. मला आवाज आला तो एका मुलीचा, वाचल्यासारखा बोलणारा. "पप्पा, मी जसिंता. तुम्ही बरे असाल. ममी सांगते, एक कॅसेट रिकामी निघाली, नुसती खरखर आणि आरडाओरडा होता, म्हणून तिच्यावर भरते आहे. मला गणितात एकोणसत्तर पडले." मग शाळेचं, बहिणीच्या लग्नाचं, म्हणजे मावसबहिणीच्या. चॉकलेटं पोहोचली, पण वितळली होती. खूप वेळ बोलली ती. शेवटी "बाय, पप्पा." खट्. आणि त्याच क्षणी, मध्येच तोडल्यासारखा, एका तरुण माणसाचा आवाज फुटला. मागे ढोल, गिटारीचा कल्लोळ, आणि तो जीव खाऊन कुणाला तरी हाकलत होता. दहा-बारा सेकंद असतील. मग टेप संपली.

मी उठले नाही. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मोजणं ऐकू आलं नाही.

चारला ते चहा घेऊन आले. "खरखर म्हणाली," ते म्हणाले. "बरोबर आहे. लंडनमध्ये पण सगळे हेच म्हणायचे."

"अहो, तिला सांगा तरी. मुलीला माहीतच नाही."

"कसं नाही? सोबतच्या कॅसेटमध्ये सांगितलं होतं. ऐकून पुसलं, मॅडम." मग हलकेच, "एकोणसत्तर वाईट नाहीत. मला कधी पडले नव्हते."

त्यानंतर त्यांनी प्रिंट रूमची किल्ली दुपारी मागितली नाही. जेवणाच्या सुट्टीत कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून बसायचे म्हणे. उन्हाळ्यातसुद्धा. आजोबांनी एकदा गाडीतून पाहिलं होतं.

वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, मोबाइल आले. ऑफिसात प्लॉटर आला, कॉम्प्युटरमधून नकाशे थेट छापले जाऊ लागले. अमोनियाचं मशीन भंगारात गेलं आणि प्रिंट रूममध्ये फाइलींची कपाटं आली. बस्त्याव यांना दोन वर्षं रिसेप्शनमागे बसवून टपाल लावायला दिलं. मग व्हिसा रद्द. वय पन्नाशीच्या आसपास. आणि त्याच महिन्यात जसिंताचा व्हिसा झाला. ती नर्स झाली होती, अबुधाबीच्याच एका इस्पितळात नोकरी लागली. गल्फचा हाच हिशोब असतो. बाप आणि मुलगी एका गावात राहिली ती अकरा दिवस, त्यातले सात ती ड्यूटीवर.

आम्ही तेव्हा खलिफा सिटीत राहायला गेलो होतो. तिथून विमानतळ दहा मिनिटांवर. त्यांची फ्लाइट दुपारची होती, म्हणून दोघांना सकाळी जेवायला बोलावलं. जसिंता उंच, नीटस, अबोल. वडिलांना 'पप्पा, तुम्ही घ्या ना' म्हणायची, पाहुण्याला म्हणावं तशी. ते तिला 'पुरे, तू घे' म्हणायचे. तुमची आई तेव्हा सुट्टीला आली होती. ती नंतर मला म्हणाली, "दे आर सो पोलाइट, आई."

गाडीत आजोबांनी सहज विषय काढला. "बस्त्याव, आता गावात लंडनच्या गोष्टी सांगत बसा."

मग जसिंता म्हणाली, "अंकल, तुम्हाला पण माहीत आहे?"

"काय?"

"पप्पाचं लंडन." ती खिडकीबाहेर पाहत बोलत होती. "कॅसेटमध्ये 'जसिंता, आता तुझ्यासाठी' आलं की ममी बटन दाबायची. म्हणायची, पुढे पप्पाचं लंडन आहे, पोरींनी ऐकायचं नाही. कधीच ऐकू दिलं नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, तिथे तुमची दुसरी बाई आहे."

मी वळून पाहिलं. बस्त्याव यांचं तोंड उघडं राहिलं होतं. आजोबांनी गाडी उगाचच हळू केली.

"एकही नाही ऐकलीस?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"ती काळी?"

"कुठली काळी?"

ते हसू लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "बाई नव्हती गं. गिटार होती. ती पण माझी नव्हती."

"मग काय होतं? सांगा ना."

तोवर विमानतळ आला होता. दोरीने बांधलेली तीन खोकी, त्यावर मार्करने नाव. ट्रॉली, वजन, पावती. पासपोर्टच्या रांगेशी पोहोचवायला आलेल्यांना थांबावं लागतं, तिथे काचेची भिंत होती. रांगेत उभं राहून त्यांनी सुरुवात केली, "तर तेव्हा मोठे मोठे बँड होते. ट्रकभर सामान," आणि मागचा माणूस ट्रॉली ढकलत म्हणाला, "यल्ला, यल्ला, भाई!" रांग पुढे सरकली. ते काचेपलीकडे गेले.

पण थांबले नाहीत. उलटं चालत, तिच्याकडे तोंड करून बोलतच राहिले. एक हात ट्रॉलीवर, दुसऱ्या हाताची तीन बोटं हवेत कुठे कुठे ठेवून दाखवत. अलीकडे एक शब्द येत नव्हता. जसिंता काचेला टेकून उभी होती आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती, हो, हो, मग पुढे? ऑफिसरने पासपोर्टसाठी हात पुढे केला. त्यांनी पासपोर्ट दिला तो तिच्याकडे बघतच, बोलत बोलत.